शंकरनगरचा शनिवारचा अभ्यासवर्ग: येशू आणि मुहंमद पैगंबर

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. हा वर्ग करावा. बाराशे रुपये फी वाजवी आहे, शिकवणारे सर तयारीचे आहेत, आणि हा विषय मराठीतून इतक्या सभ्यपणे मांडलेला मी नागपुरात तरी याआधी ऐकला नव्हता. मात्र शेवटच्या दिवशी हातात देतात तो तुलनेचा तक्ता बाजूला ठेवा. सात शनिवार जे कमावलं ते तो तक्ता एका पानात घालवतो. पुढची तुकडी दिवाळीनंतर बसणार आहे आणि ओळखीचे बरेच जण मला विचारून राहिले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सोयीगैरसोयीचं आटपून घेऊ. शंकरनगर चौकातल्या मेट्रो स्टेशनवरून चालत पाच मिनिटांवर हॉल आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवा. शनिवारी संध्याकाळी पाच ते सात, मध्ये चहा. उन्हाळ्याच्या तुकडीत कूलर एकच होता आणि तो मागच्या रांगेसाठी असल्यासारखा लावला होता. सोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत छपाईच्या चुका फार. दोन ठिकाणी इ.स. आणि इ.स.पू. यांची अदलाबदल झाली आहे आणि या विषयात ती चूक खपण्यासारखी नाही. भाषा मराठी, अधूनमधून हिंदी. प्रश्न विचारायला पूर्ण मोकळीक. कोणी कोणाला धर्म सोडायला किंवा धरायला सांगत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या घरच्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता.

माझी नोकरी जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून झाली. साक्षीदार बोलणार, आपण उतरवून घेणार, सही होणार. त्यामुळे कुठलीही गोष्ट ऐकली की माझ्या डोक्यात तीन प्रश्न येतात: कोण म्हणालं, कोणासमोर म्हणालं, आणि कागदावर कधी आलं. या वर्गात मला सर्वांत जास्त मिळालं ते याच बाजूने.

नागपूरकराला हा विषय जवळचा असायला हवा. सदरमधली चर्चं, १८४५ साली इथे आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचं कॉलेज, मोमिनपुऱ्यातला ईद-ए-मिलादचा जुलूस, ताजबागचा उरूस, हे सगळं आपण लहानपणापासून बघतो. आमच्या घरात ताजुद्दीनबाबांची तसबीर होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हातात नवा करार, म्हणजे बायबलचा येशूंपासून पुढचा भाग, पहिल्यांदा आला तोही नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे त्यांनी मुहंमद पैगंबरांवर मराठीत कविता लिहिली. इतकी सगळी शेजारपाजारची ओळख असूनही येशू म्हणजे नाताळ आणि पैगंबर म्हणजे ईद, यापलीकडे आपल्यापैकी किती जणांना त्या दोन माणसांचा जीवनक्रम सांगता येईल? मला येत नव्हता, म्हणून नाव नोंदवलं.

जाहिरातीत ‘दोन धर्मसंस्थापक’ असं लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी त्यावर दोन हरकती आल्या, दोन्ही श्रोत्यांकडून. मोहननगरहून येणारे एक काका म्हणाले, “सर, आमचे प्रभू यहुदी म्हणून जन्मले, यहुदी म्हणूनच गेले. त्यांनी चर्चची पावती पुस्तकं छापली नव्हती.” जाफरनगरच्या एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, आमच्या हिशेबाने इस्लाम मुहंमद साहेबांनी सुरू केलेलाच नाही. तो आदमपासून आहे, इब्राहिम अलैहिस्सलाम यांचाही तोच. आमचे पैगंबर शेवटचे.” सरांनी दोन्ही हरकती मान्य केल्या आणि फळ्यावरचं शीर्षक पुसलं. तिथेच माझा विश्वास बसला की इथे ऐकून घेणारा माणूस उभा आहे.

त्या बाई पैगंबरांचं नाव आलं की दर वेळी दरूद, म्हणजे त्यांच्यासाठीची दुआ, म्हणत. येशूचं नाव आलं की ‘हजरत ईसा अलैहिस्सलाम’ म्हणत. मोहननगरच्या काकांनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिसऱ्या शनिवारी त्यांनी चहाच्या वेळी त्यांना विचारलं, “तुम्ही आमच्या येशूलाही सलाम म्हणता?” बाई म्हणाल्या, “आमचेही आहेत ते.” मग सरांनी आकडे दिले. कुरआनमध्ये मुहंमद हे नाव चार वेळा येतं आणि ईसा हे नाव पंचवीसच्या आसपास. संपूर्ण कुरआनमध्ये नावाने उल्लेख असलेली स्त्री एकच, मरियम, आणि तिच्या नावाचा एक अख्खा अध्याय आहे. कुमारीच्या पोटी जन्म कुरआनला मान्य, मसीहा ही पदवी मान्य. देवाचा पुत्र हे अमान्य, आणि वधस्तंभावरचा मृत्यूही अमान्य. चौथ्या अध्यायाच्या १५७व्या आयतीत स्पष्ट म्हटलं आहे की त्यांनी त्याला मारलं नाही, वधस्तंभावरही चढवलं नाही, त्यांना तसं भासलं. हॉलमध्ये क्षणभर कोणी बोललं नाही. एका बाजूला इतकी जवळीक आणि नेमक्या मध्यबिंदूवर इतका नकार. वर्गाने हे झाकलं नाही, की त्याची गोड खिचडीही केली नाही.

येशूंच्या जीवनावरची दोन सत्रं चांगली झाली. गालील, नासरेथ, कफर्णहूम ही ठिकाणं नकाशावर दाखवून शिकवली. जन्मसालाचा घोळ सरांनी सरळ सांगितला. येशूंची चार चरित्रं म्हणजे शुभवर्तमानं: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. मत्तय म्हणतो हेरोद राजाच्या काळात जन्म, आणि हेरोद वारला इ.स.पू. ४ मध्ये. लूक जिचा उल्लेख करतो ती क्विरिनिय सुभेदाराची शिरगणती इ.स. ६ ची. मधे नऊ-दहा वर्षांचं अंतर. पण पंतय पिलाताबद्दल शंका नाही. तो इ.स. २६ ते ३६ यहुदियाचा रोमन अधिकारी होता आणि त्याच्या आज्ञेने येशूंना वधस्तंभावर दिलं, हे ख्रिस्ती नसलेला रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६च्या सुमारास नोंदवतो. यहुदी इतिहासकार जोसेफस त्याच्या थोडं आधी येशूंचा भाऊ याकोब याचा उल्लेख करतो. माझ्या दृष्टीने हे स्वतंत्र साक्षीदार झाले.

खटल्याचं सत्र तर मी श्वास रोखून ऐकलं. रात्री प्रमुख याजकासमोर चौकशी, सकाळी पिलातासमोर. लूक एकटा सांगतो की मधे त्या हेरोद राजाच्या मुलाकडे, हेरोद अंतिपाकडेही पाठवलं होतं. मार्क लिहितो की विरोधात साक्षी पुष्कळ आल्या, पण त्यांचा एकमेकींशी मेळ बसेना. मी आयुष्यभर असे मेळ न बसणारे जबाब उतरवले आहेत, त्यामुळे ते वाक्य मला फार खरं वाटलं. आणि मग माझाच प्रश्न: शिष्य तर पळाले होते, मग हे उतरवून कोणी घेतलं? मी तो विचारला. सर म्हणाले, “ताई, याचं उत्तर शुभवर्तमानं देत नाहीत.” जे उत्तर नाही ते नाही म्हणणारा शिक्षक मला आवडतो.

नव्या कराराचा सर्वांत जुना मानला जाणारा कागद मँचेस्टरच्या ग्रंथालयात आहे. पपायरसचा तळहातापेक्षाही लहान तुकडा, साधारण दुसऱ्या शतकातला. त्यावर योहानाच्या अठराव्या अध्यायातल्या ओळी आहेत आणि त्या नेमक्या पिलातासमोरच्या उलटतपासणीच्या आहेत. तू यहुद्यांचा राजा आहेस काय, हा प्रश्न एका बाजूला. सत्य म्हणजे काय, हा प्रश्न दुसऱ्या बाजूला. सगळ्या ख्रिस्ती वाङ्‌मयातून काळाने वाचवलेला सर्वांत जुना तुकडा कोर्टाच्या कामकाजाचा निघावा, याने मला कितीतरी दिवस सोडलं नाही.

पौलावरचं सत्र मात्र घाईत गेलं. येशूंना हयातीत न भेटलेला हा माणूस, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर बदलून येशूंचा प्रचारक झालेला. त्याची पत्रं शुभवर्तमानांपेक्षा जुनी, इ.स. ५०च्या सुमारासची. यहुदी नसलेल्यांना सुंतेशिवाय आत घ्यायचं की नाही, हा वाद त्याने लढवला नसता तर येशूंचा पंथ यहुदी धर्मातली एक शाखा राहिला असता, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. मग ‘संस्थापक’ कोण, हा काकांनी उभा केलेला प्रश्न इथेच सोडवायला हवा होता. पण त्याच दोन तासांत पौल, रोममधला छळ, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि ३२५ची निकायाची धर्मपरिषद कोंबली. पिता आणि पुत्र एकतत्त्व आहेत हे निकायात ठरलं, म्हणजे वधस्तंभानंतर जवळपास तीनशे वर्षांनी. ही वर्षं पायरीपायरीने चालायची होती. आम्हांला धावडवत नेलं.

मक्केवरचं सत्र उलट अगदी निवांत, आणि मला वाटतं सरांचं मन इथे जास्त रमतं. पैगंबरांचे वडील अब्दुल्लाह जन्माआधीच गेलेले, आई आमिना सहाव्या वर्षी गेली, मग आजोबा अब्दुल मुत्तलिब, मग चुलते अबू तालिब. खदीजाबाईंच्या व्यापारात कामाला लागले आणि त्यांनीच लग्नाचा प्रस्ताव पाठवला. त्या असेपर्यंत, सुमारे पंचवीस वर्षं, दुसरं लग्न नाही. ६१० मध्ये हिरा गुहेत पहिला संदेश आला तेव्हा ते थरथरत घरी आले, ‘मला पांघरूण घाला’ म्हणाले, आणि त्यांच्यावर पहिला विश्वास ठेवला तो खदीजाबाईंनी. त्या त्यांना घेऊन गेल्या आपल्या चुलतभावाकडे, वरका बिन नौफल यांच्याकडे. वरका ख्रिस्ती होते. त्यांनी सांगितलं की मूसाकडे आला होता तोच हा दूत आहे. म्हणजे परंपरा जशी सांगते त्यात पैगंबरांना धीर देणारी घराबाहेरची पहिली व्यक्ती ख्रिस्ती निघते.

हबशाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, दरबाराची कथा सरांनी पूर्ण सांगितली आणि ती तशीच सांगण्यालायक आहे. मक्केत छळ वाढला. सुमय्या या बाईंना मारून टाकलं, बिलाल यांना तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवला. तेव्हा पैगंबरांनी काही अनुयायांना ६१५च्या सुमारास समुद्रापलीकडे पाठवलं, हबशाच्या नजाशीकडे (तिथल्या राजाकडे), कारण तो राजा ख्रिस्ती होता आणि त्याच्या राज्यात कोणावर जुलूम होत नाही असा त्याचा लौकिक होता. मागोमाग कुरैशांचे, म्हणजे मक्केतल्या सत्ताधारी टोळीचे, वकील नजराणे घेऊन गेले: आमची पळालेली माणसं परत द्या. राजाने दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणार नाही म्हटलं. त्या अनुयायांतले जाफर बिन अबू तालिब उभे राहिले आणि त्यांनी सूरह मरियममधल्या, म्हणजे मरियमच्या अध्यायातल्या, आयती म्हटल्या. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी वकिलांनी नवा डाव टाकला: यांना ईसाबद्दल विचारा, हे त्यांना कमी लेखतात. जाफर यांनी लपवलं नाही. ते देवाचे सेवक आहेत, त्याचे पैगंबर, त्याचा शब्द, हेच सांगितलं. राजाने माणसं परत दिली नाहीत. दोन्ही पक्षांना ऐकून घेणारा न्यायाधीश मला कुठेही भेटला तरी मी हात जोडते.

मदिनेचं सत्र या वर्गाचा कळस. ६२२ची हिजरत, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाणं, मग मदिनेतल्या टोळ्या आणि यहुदी यांच्यासह केलेला करार, मग मक्केशी लढाया: ६२४ला बदर, ६२५ला उहुद, ६२७ला खंदक. बनू कुरैझा या यहुदी टोळीचा प्रसंग सरांनी गाळला नाही. वेढ्याच्या वेळी करार मोडल्याचा आरोप, साद बिन मुआज यांचा निवाडा, पुरुषांना मृत्युदंड, हे सीरतच्या, म्हणजे पैगंबरांच्या चरित्राच्या, जुन्या ग्रंथांत येतं तसं सांगितलं आणि आजचे अभ्यासक त्यावर काय काय म्हणतात तेही. जाफरनगरच्या बाईंनी त्यांच्याकडे हे कसं समजून घेतात ते मांडलं. मागच्या रांगेतला एक तरुण जरा चढ्या आवाजात बोलला, सरांनी त्याला थांबवलं नाही, फक्त संदर्भ मागितला. याच सरांनी चौथ्या शनिवारी, घाईतही, हेही सांगितलं होतं की ३८० मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसने ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा धर्म केल्यावर इतरांच्या देवळांचं काय झालं. एका डोळ्याने बघणं नव्हतं.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. मक्केजवळचं हुदैबिया, साल ६२८. पैगंबर चौदाशेच्या आसपास माणसं घेऊन निःशस्त्रासारखे, यात्रेच्या कपड्यांत मक्केला निघाले. कुरैशांनी अडवलं. तह करायचं ठरलं. मक्केकडून सुहैल बिन अम्र बोलणी करायला आले, लेखनिक होते पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली. अलींनी ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ (दयाळू, कृपाळू अल्लाहच्या नावाने) लिहिलं. सुहैल यांची हरकत: रहमान आम्ही ओळखत नाही, आमच्या पद्धतीने लिहा. पैगंबर म्हणाले, तसं लिहा. पुढे लिहिलं, ‘अल्लाहचे रसूल (प्रेषित) मुहंमद यांनी केलेला हा तह’. पुन्हा हरकत: तुम्ही रसूल आहात असं आम्ही मानत असतो तर तुमच्याशी भांडलो कशाला असतो? स्वतःचं आणि बापाचं नाव लिहा. अलींचा हात ते शब्द खोडायला उठेना. पैगंबरांनी विचारलं, कुठे आहेत ते शब्द, दाखव. आणि स्वतःच्या हाताने पुसले. कागदावर राहिलं: मुहंमद बिन अब्दुल्लाह.

पक्षकाराच्या वर्णनावर हरकत येणं मी शेकडो प्रकरणांत पाहिलं आहे. मालक की कब्जेदार, पत्नी की ‘स्वतःला पत्नी म्हणवणारी’. माणसं त्या एका शब्दासाठी वर्षानुवर्षं भांडतात, कारण त्यांना ठाऊक असतं की कागदावर आलं ते राहतं. इथे ज्यांचं सगळं आयुष्य त्या एका पदवीवर उभं आहे त्यांनी ती पदवी दहा वर्षांच्या शांततेसाठी पुसली. अटीही कडक होत्या. त्या वर्षी परत फिरायचं. मक्केहून कोणी पळून आला तर त्याला परत द्यायचं. सही होते न होते तोच सुहैल यांचाच मुलगा अबू जंदल बेड्यांसकट येऊन पोचला, आणि शब्दाला जागून त्याला परत पाठवावं लागलं. उमर यांच्यासारखे जवळचे सहकारी संतापले. यात्रेचे बळी इथेच द्या, केस इथेच उतरवा, असं सांगितल्यावर कोणी जागचं हललं नाही. तेव्हा पत्नी उम्मे सलमा यांनी सल्ला दिला: कोणाशी बोलू नका, बाहेर जाऊन आधी स्वतः करा. त्यांनी केलं आणि मग सगळे उठले. दोन वर्षांनी मक्का जवळजवळ रक्त न सांडता ताब्यात आली आणि बहुतेक वैऱ्यांना माफी मिळाली.

हे ऐकताना मला योहानाचा एकोणिसावा अध्याय आठवत होता, जो दोन-तीन शनिवार आधीच झाला होता. वधस्तंभावर आरोपाची पाटी लावायची रीत होती. पिलाताने लिहवलं: नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा. इब्री, लॅटिन आणि ग्रीक, तीन भाषांत. मुख्य याजकांनी हरकत घेतली: ‘यहुद्यांचा राजा’ असं लिहू नका, ‘मी यहुद्यांचा राजा आहे असं हा म्हणाला’ असं लिहा. कायद्याने ही हरकत बरोबरच होती, आरोप हा आरोप म्हणूनच लिहायचा असतो. पिलाताने उत्तर दिलं की मी लिहिलं ते लिहिलं. दुरुस्ती नामंजूर.

दोन कागद. दोन्हींत एका माणसाच्या पदवीवर हरकत. एका ठिकाणी तो माणूस स्वतः वाटाघाटीला बसला आहे, त्याच्यामागे माणसं आहेत, शहर आहे, आणि पदवी पुसायची की नाही हे त्याच्या हातात आहे. दुसऱ्या ठिकाणी त्या माणसाला कोणी विचारतच नाही. तो वर खिळलेला आहे आणि त्याच्या नावापुढे काय लिहावं यावर खाली दोन सत्ता भांडत आहेत. या दोघांत फरक काय, असं मला कोणी विचारलं तर मी हे दोन प्रसंग सांगेन.

सातव्या सत्रात सरांनी पुराव्यांवर बोलताना इस्नादची पद्धत समजावली. हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, पण नुसतं वाक्य नाही, मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, अशी साखळी जोडूनच ती येते. साखळीतला प्रत्येक माणूस कोण, कुठे राहायचा, खोटं बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी, याची छाननी. इमाम बुखारी ८७० मध्ये वारले. त्यांच्या संग्रहात पुनरुक्ती धरून सात हजारांवर हदीस आहेत, गाळलेल्या कितीतरी अधिक. ऐकीव पुराव्याची एवढी चाळणी कोणी लावली होती हे मला माहीत नव्हतं आणि मला ते विलक्षण वाटलं. तरी काळाचा हिशेब राहतोच. मार्काचं शुभवर्तमान येशूंनंतर साधारण चाळीस वर्षांनी. पैगंबरांचं पहिलं मोठं चरित्र इब्न इसहाक यांचं, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी, आणि तेही आपल्याला इब्न हिशाम यांच्या संपादनातून मिळतं. उलट कुरआन पैगंबरांनंतरचे तिसरे प्रमुख उस्मान खलिफा यांच्या काळात, ६५०च्या सुमारास, एका प्रतीत बांधला गेला होता. बर्मिंगहॅम विद्यापीठात कुरआनची दोन जुनी पानं आहेत, त्यांच्या चामड्याची रेडिओकार्बन चाचणी ५६८ ते ६४५ हा काळ दाखवते. म्हणजे एकाचं चरित्र लवकर लिहिलं गेलं, दुसऱ्यांकडे आलेला ग्रंथ लवकर लिहिला गेला. याच सत्रात सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली: ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा शब्द माणूस होऊन आला, मुस्लिम श्रद्धेत देवाचा शब्द ग्रंथ होऊन आला. तेव्हा येशूंच्या समोर ठेवायचा तर कुरआन ठेवावा, पैगंबर नव्हे. मोहननगरचे काका आणि जाफरनगरच्या बाई, दोघांनी एकाच वेळी मान हलवली.

आणि एवढं सगळं झाल्यावर आठव्या शनिवारी हातात तो तक्ता आला. दोन रकाने. विवाह: नाही, अनेक. युद्धं: नाही, अनेक. चमत्कार: अनेक, कुरआन. राज्य: नाही, होय. मृत्यू: वधस्तंभ, आजार. कोणीही तो फोटो काढून फिरवला तर वाचणाऱ्याचं मत दहा सेकंदांत तयार होईल, आणि त्याचं आधी जे मत असेल तेच होईल.

माझी हरकत अशी. येशूंचं जाहीर कार्य एक ते तीन वर्षांचं. त्या काळात त्यांच्याकडे ना कोतवाल, ना खजिना, ना सीमा. कैसराचा, म्हणजे रोमन सम्राटाचा, कर कैसरानेच गोळा करायचा होता. पैगंबरांचं कार्य बावीस वर्षांचं, ६१० ते ६३२. त्यांतली पहिली बारा मक्केतली आणि त्या बारा वर्षांतही त्यांच्याकडे यातलं काही नव्हतं. त्या वर्षांत त्यांनी काय केलं? शिव्या खाल्ल्या, कुळावर घातलेला बहिष्कार सोसला, ताइफमध्ये पोरांनी दगड मारून रक्तबंबाळ केलं तरी हात उचलला नाही. तुलना करायचीच असेल तर गालीलसमोर मक्का ठेवा. आणि मदिनेसमोर काही ठेवायचं असेल तर ते येशूंच्या आयुष्यात सापडणार नाही, त्यासाठी चौथ्या शतकात, कॉन्स्टंटाइनच्या दरबारात जावं लागेल, जिथे पहिल्यांदा ख्रिस्ती माणसांच्या हातात तलवार, न्यायासन आणि कर आला. तक्ता एका माणसाची तीन वर्षं आणि दुसऱ्याची बावीस वर्षं एकाच मापाने मोजतो. हे सरांनीच आम्हांला सात शनिवार शिकवलं होतं. मग हा कागद वाटला कशाला?

खरा फरक तक्त्यात आलाच नाही, तो वर्गात आला होता. ६३२च्या जूनमध्ये पैगंबर मदिनेत पत्नी आयेशाबाईंच्या खोलीत वारले. लोकांना खरं वाटेना, उमर तर म्हणत होते की ते परत येतील. अबू बकर बाहेर आले आणि बोलले की जो मुहंमदांची उपासना करत होता त्याने समजावं की मुहंमद मरण पावले, आणि जो अल्लाहची उपासना करतो त्याचा अल्लाह जिवंत आहे, त्याला मरण नाही. आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात, मेलेला येशू जिवंत समोर उभा आहे असं पाहून थोमा म्हणतो, माझ्या प्रभू, माझ्या देवा. एकीकडे सर्वांत जवळचा मित्र, दुःखाच्या पहिल्या तासात, माणूस आणि देव यांच्यात रेघ ओढतो. दुसरीकडे सर्वांत संशयी शिष्य तीच रेघ पुसतो. दोन्ही धर्म जे काही पुढे झाले ते मला या दोन वाक्यांत दिसतात.

मी आयोजकांना लेखी कळवलं आहे. पौलासाठी वेगळं सत्र द्या, फी शंभर-दीडशेने वाढली तरी चालेल. पुस्तिका पुन्हा तपासून छापा, तपासणीला मी विनामोबदला बसते. तक्ता रद्द करा आणि त्याऐवजी हुदैबियाचा वृत्तांत आणि योहानाचे ते चार श्लोक एकाच पानावर समोरासमोर छापून द्या. एक गोष्ट मात्र बदलू नका: पैगंबरांच्या सत्रात एकही चित्र नव्हतं, फक्त नकाशे आणि सुंदर अक्षरलेखन. त्यामुळे जाफरनगरच्या बाई दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघींना घेऊन आल्या.

कोणी जावं? कोणत्याही बाजूचं भाषण ऐकून पेटलेल्या माणसाने जावं, महाविद्यालयातल्या मुलांनी जावं, इतिहास शिकवणाऱ्यांनी तर नक्की. कोणता धर्म श्रेष्ठ याचा निकाल हवा असेल त्यांनी बाराशे रुपये वाचवावेत. जायच्या आधी मार्काचं शुभवर्तमान वाचून घ्या. चारांत सर्वांत लहान आहे, सोळा अध्याय, एका बैठकीत होतं. आणि कुरआनमधली सूरह मरियम, अठ्ठ्याण्णव आयती. दोन्हींची मराठी भाषांतरं सहज मिळतात. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर पुढच्या रांगेत बसा, कूलर मागे असला तरी, सरांचा आवाज लहान आहे.